विजापूर वेशीपासून भद्रावती पेठेपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या पेठांच्या इतिहासावर चार शब्द लिहून द्यावेत, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही प्रथम पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. १८८४ साली निघालेले सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ साली प्रसिद्ध केलेली, सोलापूरच्या विणकर जातींविषयीची काकडे यांची पाहणी काढली; प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरील १९६५ चा ग्रंथ चाळला. डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने पश्चिम भारतातील कारागिरांवर २०१२ साली लिहिलेल्या ग्रंथात आपल्या ज्ञातीविषयी पुष्कळ मजकूर आहे, तोही वाचला. मागांची संख्या, मजुरीचे दर, कर्जाचे आकडे हे सारे तेथे मिळाले. आपल्याविषयी परक्यांनी एवढे लिहून ठेवावे आणि आपण मात्र लग्नपत्रिकांपलीकडे फारसे काही छापू नये, याची थोडी लाजही वाटली. तथापि कोणत्या गल्लीत कोण राहत होते, पहिला माग कोणाच्या ओसरीवर बसला, हे त्या ग्रंथांत नाही आणि असणारही नाही. म्हणून ग्रंथ मिटले, पायांत चपला घातल्या आणि एका सकाळी घराबाहेर पडलो.

आरंभ कोठून करावा, हा प्रश्न आपल्या ज्ञातीत कोणाला पडणार नाही. सिद्धेश्वर पेठेतील श्रीमार्कंडेय महामुनींच्या मंदिरात दर्शन घेऊन निघालो. नारळी पौर्णिमेस येथूनच रथ निघतो, आणि त्या मिरवणुकीत गाडीवर हातमाग मांडून वस्त्र विणीत नेण्याची आपली प्रथा आहे. इतर ज्ञातींच्या देवांपुढे लेझीम असते, दिंडी असते. आपल्या मुनींपुढे धोटा चालतो. मार्कंडेयांच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकट झाले, त्यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले आणि सूर्यकन्या भद्रावती त्यांची पत्नी झाली, ही कथा आपल्या घरी लहान मुलांनाही ठाऊक असते. ती इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जो समाज दिवसाचे बारा तास खड्ड्यात पाय सोडून बसत होता, त्याने आपली कथा चिखलातून वर येणाऱ्या फुलाशी जोडावी, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो.

मंदिराकडून विजापूर वेशीपर्यंत आलो. वेस म्हटले की डोळ्यांपुढे कमान, दिंडीदरवाजा आणि पहारेकरी उभा राहतो. येथे तसे काही नाही; नाव तेवढे उरले आहे, आणि सकाळपासून माणसांची, हातगाड्यांची व रिक्षांची अशी दाटी असते की कमान असती तर तीच अडचण झाली असती. रमजानच्या दिवसांत येथे रात्री बाजार भरतो, तेव्हा तर पायी चालणेही कठीण. मोमीन विणकर आणि आपण यांचे शेजार याच बाजूला पिढ्यान्‌पिढ्या नांदले. सूत एकाच दुकानातून आले आणि मंदी आली ती दोघांच्याही घरी एकदमच आली.

जुन्या सोलापुरास तट होता. सुमारे १८७२ साली गावाला वाढावयास जागा हवी म्हणून नगरपालिकेने पूर्वेकडील तट पाडला. ही एवढीशी ओळ वाचून आम्ही बराच वेळ थबकलो होतो. तट पूर्वेचा पडला आणि गाव पूर्वेकडे सांडले. आज ज्याला सारे सोलापूर नुसते 'पूर्व भाग' म्हणते, त्या आपल्या वस्तीचा मार्ग मोकळा झाला. जणू कोणी येणार आहे म्हणून घरधन्याने आधीच दार काढून ठेवावे.

येणारे येऊ लागले होतेच. १८६० साली पुण्याकडून आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि पुढे दहा-बारा वर्षांत ती रायचूरपर्यंत गेली. १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. तीच आपली 'जुनी गिरणी'. मोरारजी गोकुळदास यांचे नाव मुरारजी पेठेच्या रूपाने अजून आपल्या तोंडी आहे. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, आणि शतक संपताना १८९६ व १८९९ ला पुन्हा दुष्काळ आले. निजामाच्या राज्यातील करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर, वरंगल या मुलखांतून आपले पूर्वज सोलापुरास येत राहिले, ते याच काळात सर्वांत अधिक.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी बोलणे भाग आहे. गिरणीने हातमाग मारला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. अन्यत्र ते पुष्कळसे खरे असेल. सोलापुरास गोष्ट निराळी घडली. गिरणीने विणकराला जवळच सूत पुरविले. नऊवारी लुगडे, त्याचे रंगीत काठ, रेशमी किनार, पदराची वीण हे काम त्या काळच्या गिरणीच्या यंत्राला परवडण्यासारखे नव्हते. ते हाताकडेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दोरीला हिसका देताच धोटा आपोआप धावणारा माग आला, तो आपल्या लोकांनी चटकन उचलला, आणि एका मागावर निघणारे कापड वाढले. म्हणजे आपले आजे-पणजे गिरणीचे बळी म्हणून येथे आले नाहीत. जेथे सूत आहे, रेल्वे आहे आणि लुगड्याला गिऱ्हाईक आहे, असा गाव हेरून ते आले. त्यांना अगतिक म्हणणाऱ्यांनी त्यांचा हा हिशेबीपणाही ध्यानात घ्यावा.

साखर पेठेत शिरलो आणि गल्ल्यांची रचना पाहून आमच्या सोबतच्या चिरंजीवांनी विचारले, की येथले काही बोळ इतके सरळ आणि लांब का? त्याचे उत्तर आमच्या लहानपणी आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उजाडण्यापूर्वी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरला जाई. दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहून त्याला खळ लावीत आणि कुंच्याने विंचरून धागा मोकळा करीत. ही पांजणी ऊन चढण्यापूर्वी आटोपावी लागे, नाहीतर खळ वाळून धागा तुटे. तेवढा वेळ बोळातून सायकल सोडा, कुत्रेदेखील जाऊ शकत नसे. शाळेला जाणारी पोरे ताण्याखालून वाकून जात. गल्ली हा आमच्या पूर्वजांच्या कारखान्याचाच एक भाग होता, आणि त्याचे भाडे पडत नसे.

कन्ना चौकाच्या अलीकडे एका घराच्या ओट्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी विड्या वळीत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. बोटे चालत होती आणि डोळे आमच्याकडे होते. आम्ही नमस्कार केला. त्यांनी नाव विचारले नाही, धंदा विचारला नाही, त्यांचा पहिला प्रश्न होता, "मीदी ए ऊरू?" आपले गाव कोणते?

आम्ही म्हणालो, "इथलंच अम्मा, सोलापूर. भद्रावती पेठ."

त्या हसल्या. "ते राहायचं गाव झालं. *ऊरू* कुठलं?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या आजोबांच्या वडिलांनी जे गाव सोडले, त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. आजोबा हयात असताना आम्ही विचारले नाही. वडिलांना विचारले तेव्हा त्यांनाही नेमके सांगता आले नाही. तो मुलूख आधी निजामाच्या राज्यात होता. पुढे हैदराबाद राज्य झाले, १९५६ साली आंध्र प्रदेश आणि २०१४ साली तेलंगण. इकडे आम्ही मुंबई इलाख्यातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. दोन्हीकडच्या पाट्या इतक्या वेळा बदलल्या, की मधले एक लहानसे नाव त्यात हरवले. आजींनी मग आमचे 'इंटी पेरू', म्हणजे घराणे, विचारले. जरा विचार करून म्हणाल्या, की या घराण्याची माणसे नलगोंड्याकडची असावीत. पुढे राजेंद्र चौकात भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तितक्याच खात्रीने करीमनगर सांगितले. दोन्ही नावे आम्ही वहीत लिहून घेतली आहेत.

आजींनी घर आतून पाहू दिले. पुढच्या खोलीत पूर्वी खड्डामाग होता. ज्या वाचकांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत मांडीइतका खोल खड्डा घेत, विणकर त्याच्या काठावर बसे आणि पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवी. पाय खाली, हात वर, आणि दृष्टी धाग्यावर. खड्डा घेण्याचे एक कारण असे, की सोलापूरची हवा कोरडी. जमिनीतील ओलाव्याने ताणा जरा नरम राहतो आणि कमी तुटतो. त्याच खोलीत माग, त्याच खोलीत चूल, वर दोरीला टांगलेला पाळणा. बाळाला माग चालत असता झोप लागे आणि माग थांबला की जाग येई, असे आजी म्हणाल्या. हे आम्ही आमच्या आईच्या तोंडूनही ऐकले होते.

स्मरणिकेत पूर्वजांची थोरवी गावी अशी रीत आहे, आणि ती आम्हालाही मान्य आहे. पण चालताना दिसलेले सारेच थोरवीचे नाही. स्वतःच्या घरात स्वतःचा माग हे भाग्य थोड्यांचे. पुष्कळजण ज्ञातीतल्याच कारखानदाराच्या छपराखाली मजुरीने विणीत. लग्नासाठी, बाळंतपणासाठी उचल घ्यावी, ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर बसता येऊ नये, आणि ती फिटण्यापूर्वीच पुढचे बाळंतपण यावे. मालक आणि मजूर एकाच पंक्तीला जेवत, एकाच मुनींचे नाव घेत, आणि हिशेबाच्या वहीत मात्र एक वरच्या ओळीत असे व दुसरा खालच्या. ही वही आपल्यातल्याच काही घरांच्या माळ्यावर अजून असेल. ती जाळू नये, एवढी विनंती आहे. तिच्यात आपल्या निम्म्या ज्ञातीची नावे आहेत.

आणि या साऱ्या इतिहासात स्त्रिया कोठे आहेत? कांड्या त्यांनी भरल्या, ताणा त्यांनी जुळविला. पण विणकर म्हणून नाव लागले ते पुरुषाचे. मागावर मंदी आली, की घर चालले ते विडीवर. कारखान्यातून पाने आणि तंबाखू मोजून आणावी, घरी वळावी, हजारांच्या हिशेबाने परत द्यावी, आणि नापसंत म्हणून बाजूला काढलेल्यांचे दुःख गिळावे. पूर्व भागातील कित्येक डॉक्टर, वकील आणि अभियंते या विडीवर शिकले आहेत. आम्हीही त्यांतलेच एक. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची जी वसाहत २००६ साली उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. ज्यांनी उभे आयुष्य भाड्याच्या खोलीत विड्या वळल्या, त्यांच्या नावावर घर झाले. ज्ञातीच्या इतिहासात ही घटना रथोत्सवाइतकीच मोठी आहे, असे आमचे मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी खुशाल कळवावे.

राजेंद्र चौकातील त्या गृहस्थांच्या वडिलांनी मार्शल लॉचे दिवस पाहिले होते. गांधीजींना अटक झाल्यानंतर ८ मे १९३० रोजी जमाव रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडण्यास गेला. पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढे शहर लष्कराच्या ताब्यात गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला त्या गृहस्थांनी सांगितलेली एक लहान गोष्ट लिहावीशी वाटते. त्या दिवसांत त्यांच्या आजीने संध्याकाळी माग बंद ठेवविला होता. कारण मागाच्या आवाजात बाहेर सोल्जरांच्या बुटांचा आवाज ऐकू येत नसे. या वस्तीत शांतता ही भीतीची खूण होती.

आजही तसेच आहे. साखर पेठेपासून पुढे चालताना ज्या बोळात यंत्रमागाची खडखड कानांवर येई, तेथे आम्हाला हायसे वाटे. जो बोळ शांत, तेथे चौकशी केली तर मुले पुण्याला, माग भंगारात. लुगड्याचे हे असे का झाले, याचे उत्तर फार साधे आहे. नऊवार नेसणाऱ्या स्त्रिया पाचवार नेसू लागल्या आणि हातमागाच्या लुगड्याचे गिऱ्हाईक दर वर्षी घटत गेले. तेव्हा आपली माणसे यंत्रमागाकडे वळली आणि लुगडे सोडून चादर व टॉवेल विणू लागली. जॅकार्डवर फुले, वेलबुट्ट्या, मोर उमटविणारी ती जाड, दोन्ही अंगांनी वापरता येणारी सोलापुरी चादर महाराष्ट्रभर रुखवतात जाऊन बसली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंद मिळाली. ज्या पूर्वजांना स्वतःचा *ऊरू* सांगता येत नाही असे नातू झाले, त्यांच्या हातच्या वस्त्राला मात्र गावाचे नाव कायद्याने चिकटले! पुष्कळ कारखाने आता अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेले आहेत. तेथे जागा आहे, वीज आहे, मालमोटार दारापर्यंत येते. जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. पूर्वजांनीही हेच केले होते.

पुढे जोडबसवण्णा चौक लागला. बसवण्णा हे नाव कानडी, भोवतालची बोली तेलुगू, दुकानांच्या पाट्या मराठी, आणि चहावाल्याने गिऱ्हाइकाशी चालविलेला वाद दखनी उर्दूत. आमच्या घरी देवापुढे तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही, अशी वाटणी होती. भाद्रपद अमावास्येनंतर बायका फुलांची बतुकम्मा मांडून तिच्याभोवती फेर धरतात, आषाढात पोचम्माला नैवेद्य जातो, आणि त्याच आषाढात त्याच घरातले कोणी पंढरीच्या वाटेला लागलेले असते. कै. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तेलुगू साहित्य मराठीत आणले आणि आपल्या आत्मचरित्राला 'एका साळियाने' असे नाव दिले. मराठीत लिहिणारा माणूस स्वतःस साळी म्हणवितो, यात आम्हाला संकोच दिसत नाही. उलट ऐट दिसते.

उन्हे चढली तेव्हा आम्ही भद्रावती पेठेत पोहोचलो. मुनींच्या मंदिरापासून निघून मुनींच्या सुनेच्या नावाच्या पेठेत आलो, हे चिरंजीवांच्या ध्यानात आम्ही आणून दिले. येथेच आमचे घर. आजोबांनी बांधलेले मातीचे घर जाऊन त्या जागी वडिलांनी विटांचे केले आणि आम्ही वर मजला चढविला. पुढच्या खोलीत आजोबांचा खड्डा होता. माग कधीच मोडून निघाला होता. खड्ड्यावर फळ्या टाकून त्यात आम्ही मोडक्या वस्तू ठेवीत असू. तीस वर्षांपूर्वी घरात लग्न निघाले, तेव्हा फरशी घालावयाची म्हणून आम्ही गवंड्याला तो बुजवावयास सांगितले. त्याने दोन वेळा विचारले, "भरायचाच का?" आम्ही घाईत होतो. विटांचे तुकडे, मुरूम आणि वरून सिमेंट, असा अर्ध्या दिवसात तो भरून झाला. आजी तेव्हा हयात होती. ती त्या दिवशी मागच्या दारी जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत पुढे आली नाही. तिला काय वाटले, हेही आम्ही विचारले नाही.

आजींच्या घरचा खड्डा पाहून आल्यावर चिरंजीवांनी विचारले, आपला कोठे होता? जेवणाचे टेबल सरकविले. तेथली फरशी बोटभर खचली आहे आणि तिच्या चारी बाजूंनी केसाएवढी भेग गेली आहे. लांबी-रुंदी नेमकी मागाच्या खड्ड्याची. इतकी वर्षे आम्ही तिला पायाची खराबी समजत होतो. चिरंजीव तेथे मांडी घालून बसले, मग पाय लांब करून बसले, आणि आजोबांचे तोंड कोणत्या दिशेला असे, ते विचारू लागले. ते आम्हाला आठवत होते. दाराकडे, उजेडासाठी.